शेऱ्याचा रकाना : १९४७च्या ब्रुकलिनचा टेबलावरचा बेसबॉल

बाबा सहा महिन्यांसाठी आले तेव्हा नोव्हेंबर लागला होता. न्यू जर्सीत नोव्हेंबरात संध्याकाळी साडेचारलाच दिवे लावावे लागतात आणि तिथून झोपेपर्यंतचा वेळ घरातच काढायचा असतो. मालिका त्यांना बघवत नाहीत. फिरायला जावं तर गार वाऱ्यानं गुडघे धरतात. बाबांनी आयुष्यभर सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात हिशेब लिहिले आणि रविवारी क्लबच्या सामन्यांचं स्कोअरबुक लिहिलं. एकतीस वर्षं. रेघा आखलेला कागद आणि टोक केलेली पेन्सिल हातात आली की त्यांचा चेहरा खुलतो, हे मी लहानपणापासून बघत आलेय. म्हणून त्यांच्यासाठी हा संच घेतला आणि हिवाळाभर आम्ही दोघं तो खेळलो. आता ते परत गेलेत, तर निवांत बसून लिहितेय.

संच कसला, ते आधी सांगते. अमेरिकन बेसबॉलचा एक अख्खा हंगाम कार्डांवर आणि फाशांवर खेळायचा. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड. त्यानं त्या वर्षी मैदानावर खरोखर काय केलं, त्या आकड्यांवरून कार्डावरच्या ओळी मांडलेल्या असतात. तीन फासे टाकायचे. पांढऱ्या फाशावरून ठरतं की बॅटरचं कार्ड बघायचं की पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, आणि दोन तांबड्यांच्या बेरजेवरून कळतं की कुठली ओळ वाचायची. तिथे लिहिलेलं असतं : शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाकडे) जमिनीवरून, आऊट. किंवा, डाव्या बाजूला दोन बेसची हिट. (बॅटरनं पहिला, दुसरा, तिसरा असे बेस गाठत परत घरी यायचं, की एक धाव. बाद न होता बेस गाठून देणारा फटका म्हणजे हिट.) वेगवेगळ्या वर्षांचे असे संच मिळतात आणि ते काढणारेही बरेच आहेत. मी कुणाकडून घेतला ते सांगत नाही, कारण मला जे म्हणायचं आहे ते या पद्धतीच्या सगळ्याच खेळांना लागू पडतं.

१९४७ साल निवडलं ते जॅकी रॉबिन्सनसाठी. १५ एप्रिल १९४७ला तो ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळायला उतरला. त्याआधी साठ वर्षांहून जास्त काळ मोठ्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. लेखी नियम कुठेच नव्हता, संघमालकांचं आपसांत ठरलेलं होतं. काळ्या खेळाडूंच्या लीग वेगळ्या, मैदानं बहुतेक भाड्याची, प्रवास बसनं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, “म्हणजे आपल्या पंधरा ऑगस्टच्या बरोबर चार महिने आधी.”

पेटीत त्या वर्षीचे सोळाही संघ आहेत, आठ एका लीगचे आणि आठ दुसऱ्या. नियमांची पुस्तिका, फासे, आणि प्रत्येक मैदानाचा एकेक पुठ्ठा. हे पुठ्ठे छान जमलेत. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डची उजवी भिंत जेमतेम २९७ फुटांवर होती, पण उंच, वर जाळी आणि मधे धावफलक. त्या भिंतीवर चेंडू आदळला तर काय होईल यासाठी वेगळा तक्ता दिलाय. कार्डांचा कागद मात्र पातळ आहे. रोज हाताळायची म्हटलं तर महिन्याभरात कडा वळतात. छपाई इतकी बारीक की बाबांना भिंग घेऊन बसावं लागलं. पहिल्या सामन्याला आम्हाला अडीच तास लागले. दहाव्यापासून पस्तीस-चाळीस मिनिटांत सामना उरकायला लागला. पुस्तिकेत आधी सोपे नियम आणि मग सविस्तर नियम आहेत. पहिले चार-पाच सामने सोप्यानंच खेळा, नाहीतर कंटाळून पेटी माळ्यावर जाईल.

बाबांना फाशांपेक्षा स्कोअरशीटनं वेड लावलं. बेसबॉलच्या स्कोअरिंगमध्ये क्षेत्ररक्षकांना १ ते ९ आकडे दिलेले असतात. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, असं करत उजव्या कोपऱ्यातला ९. शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला आणि तिथून तो पहिल्यावर गेला, दोन गडी बाद झाले, तर फक्त ६-४-३ लिहायचं. प्रत्येक बॅटरच्या चौकोनात एक छोटा शंकरपाळा, आणि गडी जितके बेस गेला तितक्या त्याच्या बाजू गडद करायच्या. पूर्ण फिरून आला की शंकरपाळा भरायचा. दुसऱ्या आठवड्यातच बाबांनी विकतची शीटं बाजूला सारली आणि एका लांबट वहीत पट्टीनं स्वतःचे रकाने आखले. तळाला, त्यांच्या सांगलीच्या बुकात असायचा तसा, एक रुंद रकाना सोडला. वर लिहिलं : शेरा.

मी विचारलं, “बाबा, इथे काय लिहिणार? पाऊस तर आपल्या टेबलावर पडत नाही.”

“असू दे,” ते म्हणाले. “शेरा नसला की पुढच्या माणसाला वाटतं, त्या दिवशी लख्ख ऊन होतं.”

आमच्या १५ एप्रिलला ब्रुकलिन ४-१ असं हरलं. मग मी त्यांना खऱ्या १५ एप्रिलचं सांगितलं, आणि ते त्यांनी शेऱ्यात उतरवून घेतलं. एबेट्स फील्डवर सुमारे २६ हजार माणसं, त्यातली अर्ध्याहून जास्त काळी असावीत असा त्या वेळचा अंदाज. समोर बॉस्टन ब्रेव्ह्ज, पिचर जॉनी सेन. रॉबिन्सन पहिल्यांदा आऊट झाला तो तिसऱ्या बेसकडे मारून, म्हणजे ५-३. नंतर डावीकडे झेल. नंतर त्याच्या फटक्यावर दोन गडी एकदम गेले. नऊपैकी सातव्या डावात ब्रुकलिन एका धावेनं मागे होतं. ब्रुकलिनचा एडी स्टँकी पहिल्या बेसवर, आणि रॉबिन्सननं बंट केला, म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू नुसता पुढ्यात टाकला. तो उचलून फेकणाऱ्याचा नेम चुकला. चेंडू रॉबिन्सनच्याच अंगाला लागून लांब गेला आणि दोघे एकेक बेस जास्त पळाले. पुढच्या पीट रायझरनं दोन बेसची हिट मारली आणि दोघेही घरी आले. आघाडीची धाव रॉबिन्सनची. सामना ५-३ असा ब्रुकलिननं घेतला, पण रॉबिन्सनच्या नावापुढे त्या दिवशी हिट शून्य.

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. “शून्य हिट, आणि सामना यानं फिरवला. बघ, इथेच शेरा लागतो.”

रॉबिन्सनचं कार्ड मांडणाऱ्यानं मन लावून काम केलंय, हे मात्र कबूल करायला हवं. त्या वर्षी तो १५१ सामने खेळला, सगळे पहिल्या बेसवर. ती जागा त्याच्यासाठी नवीन होती, कारण मूळचा तो शॉर्टस्टॉप आणि दुसऱ्या बेसवरचा. सरासरी ०.२९७, धावा १२५, होमरन (एकाच फटक्यात पूर्ण फेरी) १२, चोरलेले बेस (फटका नसतानाच पळून गाठलेले) २९, आणि चोरीत तो लीगमध्ये पहिला. स्वतः आऊट होऊन दुसऱ्याला पुढे सरकवणारे बंट २८, त्यातही पहिला. कार्डावर हे सगळं उतरलंय. तो पहिल्या बेसवर पोचला की समोर बसलेल्याला घाम फुटतो. चोरीची परवानगी घ्यायला आधी एक दान टाकावं लागतं, आणि रॉबिन्सनच्या बाबतीत ते दान दर वेळी पडेलसंच वाटतं. बाबा दुसऱ्या संघाकडून खेळत असले की, “आला हा, आला,” म्हणून फासे मुठीत घट्ट धरून बसायचे. वर्षाच्या शेवटी सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार त्याला मिळाला. तो पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला होता.

आता कार्डात जे नाही त्याबद्दल.

२२ एप्रिलला फिलाडेल्फियाचा संघ ब्रुकलिनला आला. त्यांचा व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्याचे काही खेळाडू डगआऊटमधून, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकांवरून, रॉबिन्सनला वंशावरून शिव्या देत होते. कापसाच्या शेतात परत जा, हे त्यातलं त्यातल्या त्यात छापण्याजोगं. रॉबिन्सननं संघाचा कारभार बघणाऱ्या ब्रँच रिकीला शब्द दिलेला होता की काही झालं तरी उलट बोलायचं नाही, हात उचलायचा नाही. तो बोलला नाही. शेवटी एडी स्टँकीच त्या डगआऊटकडे बघून ओरडला की ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर काय भुंकता. त्या दिवशी सामना १-० असा ब्रुकलिननं जिंकला. आठव्या डावात रॉबिन्सननं हिट मारली, दुसरा बेस चोरला, कॅचरचा चेंडू भरकटला तसा तिसऱ्यावर गेला, आणि हर्मान्स्कीच्या हिटवर घरी आला. सामन्यातली एकुलती एक धाव.

टेबलावर हा सामना आम्ही तीनदा खेळलो. एकदाही १-० झाला नाही. ते होणारच, फाशांचा खेळ आहे. पण पुस्तिका चाळली तर त्यात चॅपमन नाही, शिव्या नाहीत, मे महिन्यात फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलनं अख्ख्या संघालाच जागा नाकारली ते नाही, सेंट लुईस कार्डिनल्सचे खेळाडू रॉबिन्सनविरुद्ध संप करणार असल्याची तेव्हा वर्तमानपत्रात आलेली बातमी नाही. रॉबिन्सनवर दोन ओळी आहेत. रायझर भिंतीवर आदळून बेशुद्ध झाला त्याच्या दुखापतीसाठी कार्डावर खास खूण आहे, वाऱ्यापावसाचा तक्ता आहे, आणि हे मात्र कुठेच नाही.

माझा गैरसमज करून घेऊ नका. शिव्यांसाठी फासा असावा असं मी म्हणत नाही. तसा तक्ता कुणी काढला तर मी तो फाडून टाकीन. एका माणसाचा अपमान हा कुणाच्या करमणुकीतलं दान होता कामा नये. पण सोळा संघांच्या कार्डांसाठी ज्यांनी एवढे आकडे उकरले, त्यांना पुस्तिकेत चार पानं वाढवणं जड नव्हतं. शाळेतला मुलगा ही पेटी उघडेल, १९४७ हे साल वाचेल आणि त्याला वाटेल की त्या वर्षी लख्ख ऊन होतं.

बाबांनी इथे जुन्या काळातले दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांची आठवण काढली. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले, हा आकडा बाबांना तोंडपाठ आहे. पण पुण्यात खेळताना मधल्या सुट्टीत बाकीच्यांना चिनी मातीच्या कपात चहा मिळायचा आणि बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. “ते कुठल्या स्कोअरबुकात आहे?” बाबा म्हणाले, आणि बराच वेळ वहीकडे बघत बसले. त्या रात्री आम्ही पुढचा सामना मांडला नाही.

एक पेच सांगते, तो या खेळानंच उभा केला आणि त्याबद्दल मी त्याला पूर्ण गुण देते. डिक्सी वॉकर. ब्रुकलिनचा लाडका बॅटर, १९४७ची सरासरी ०.३०६. त्याचं कार्ड सोन्यासारखं आहे. हंगामाआधीच्या सरावात रॉबिन्सनबरोबर खेळायला संघातल्या ज्यांचा विरोध होता, त्यांत वॉकर पुढे होता. व्यवस्थापक लिओ डरोशरनं मध्यरात्री खेळाडूंना उठवून बोलावलं आणि हे चालायचं नाही असं बजावलं. (हंगाम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी त्या डरोशरलाच बेसबॉलच्या आयुक्तांनी दुसऱ्या कारणावरून वर्षभरासाठी बसवलं, आणि संघ साध्या कपड्यांत डगआऊटमध्ये बसणाऱ्या बर्ट शॉटनच्या हाती आला.) जिंकायचं तर वॉकरचं कार्ड लागतंच. बाबांनी ते पहिले पाच सामने बाकावर ठेवलं, पाचातले चार हरले, आणि सहाव्याला गुपचूप रॉबिन्सनच्या मागे लावलं. शेऱ्यात लिहिलं : “वॉकर खेळला. रॉबिन्सनला घरी आणलं. मनात काय होतं माहीत नाही.” खरा वॉकर त्या वर्षअखेरीस पिट्सबर्गला धाडला गेला.

आता तक्रार, आणि ती खरी आहे. १९४७मध्ये मोठ्या लीगमध्ये आलेला काळा खेळाडू रॉबिन्सन एकटाच नव्हता. जुलैत क्लीव्हलंडनं लॅरी डोबीला घेतलं. त्याच महिन्यात सेंट लुईस ब्राउन्सनं हँक थॉम्प्सन आणि विलर्ड ब्राउन यांना घेतलं. ऑगस्टच्या शेवटी ब्रुकलिननं डॅन बँकहेडला आणलं, मोठ्या लीगमधला पहिला काळा पिचर. हे चौघेही मुख्य पेटीत नाहीत. कमी खेळलेल्यांची कार्डं वेगळ्या पाकिटात येतात आणि त्याचे पैसे वेगळे. नियम सगळ्यांना सारखा आहे, हे मला कळतं. पण त्या नियमानं १९४७ सालच्या पेटीतून पाचातली चार माणसं बाहेर राहतात, आणि हे मांडणाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं.

पाकीट मागवलं. डोबीचं कार्ड बाबांनी भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, “या मुलाला बॅट धरता येत नाही का?”

कार्ड तसंच आहे. २९ सामने, ३२ वेळा बॅट, ५ हिट, ११ वेळा स्ट्राइकआऊट (फटका न लागताच बाद), सरासरी ०.१५६. कुठलंही दान टाका, आऊट. आकड्यांत एकही चूक नाही. पण रॉबिन्सनला मोठ्या लीगआधी एक अख्खं वर्ष माँट्रियलच्या संघात रुळायला मिळालं होतं. डोबी काळ्यांच्या लीगमधल्या न्यूअर्क ईगल्सकडून खेळत होता आणि तिथून थेट शिकागोच्या मैदानावर, क्लीव्हलंडच्या कपड्यांत. तारीख ५ जुलै. त्याची नेहमीची दुसऱ्या बेसची जागा तिथे रिकामी नव्हती. कुणाच्या तरी ऐवजी एकदा बॅट धरायची, आऊट झालं की परत बाकावर, मग चार दिवस नुसतं बसून राहायचं. अशा बत्तीस संधींवरून जे कार्ड निघालं ते या खेळात कायमचं त्याच्या नावावर लागलं. ज्याला खेळायला मिळालं नाही, त्याचं न खेळणं हीच त्याची लायकी म्हणून छापली गेली. हा खेळ ज्या पद्धतीनं बनतो तिच्यातलाच हा दोष आहे. कागद जाड केला म्हणून तो जाणार नाही.

विलर्ड ब्राउनचंही तेच. कॅन्सस सिटी मोनार्क्सचा हा गडी काळ्यांच्या लीगमधला नामांकित होमरनवाला. ब्राउन्सकडे २१ सामने, ०.१७९, एक होमरन, आणि महिन्याभरात सुट्टी. तो एक होमरन म्हणजे त्या दुसऱ्या लीगमध्ये, अमेरिकन लीगमध्ये, काळ्या खेळाडूनं मारलेला पहिला. संघातल्या जेफ हीथची बॅट घेऊन त्यानं तो मारला होता. तो फिरून डगआऊटमध्ये आला, तर हीथनं तीच बॅट आपटून मोडली. २००६ साली ब्राउनला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. कार्डावर त्याची ती एक ओळ आहे, १२ वर. दोन्ही फाशांवर सहा पडले तरच.

बँकहेडचं कार्ड मात्र बाबांनी जपून ठेवलंय. पिचर म्हणून तो चार सामन्यांत फक्त दहा डाव खेळला आणि भरपूर मार खाल्ला. पण बॅट हातात घेतल्यावर मोठ्या लीगमधल्या पहिल्याच संधीला त्यानं होमरन मारला. त्या वर्षी एकूण चार संधी, त्यात ही एकच हिट. त्यामुळे कार्डाच्या हिशेबानं बँकहेड चारात एक होमरन मारणारा निघतो, म्हणजे कुणाहीपेक्षा भारी! पुस्तिकेत यावर उपाय आहे, अशा कार्डाला किती वेळा बॅट द्यायची ती मर्यादा घातलीय. मग मनात येतं, चार संधींवरचं कार्ड फार चांगलं निघू नये म्हणून नियम आहे, तर बत्तीस संधींवरचं फार वाईट निघू नये म्हणून का नाही?

डोबी आमच्या शेजारचा. पॅटरसनला तो वाढला, आमच्या घरापासून पाऊण तासावर. फेब्रुवारीतल्या एका स्वच्छ रविवारी बाबांना घेऊन गेले. पॅसेइक नदीचा धबधबा अर्धा गोठला होता, कड्यावर बर्फाचे झुबके. त्याच्या अगदी लागून हिंचलिफ स्टेडियम आहे. १९३२ सालचं, काँक्रीटचं, घोड्याच्या नालासारखं. काळ्यांच्या लीगचे सामने इथे व्हायचे, न्यूयॉर्क ब्लॅक यँकीज इथे खेळायचे. शाळकरी डोबी इथेच फुटबॉल खेळला, आणि न्यूअर्क ईगल्सनं त्याची चाचणी घेतली तीही इथेच. १९९७ ते २०२३ हे मैदान बंद होतं, झाडं उगवली होती म्हणतात. आता नीट केलंय. थंडीचे दिवस, आत कुणी नव्हतं. आम्ही जाळीला नाक लावून बघितलं. बाबांनी सवयीनं खेळपट्टी शोधली, मग हसले आणि बोटानं बेस मोजले. पहिला, दुसरा, तिसरा, घर. खिशातून डोबीचं कार्ड काढलं, ते त्यांनी बरोबर आणलं होतं हे मला माहीतही नव्हतं. हातमोजा काढून पाठीमागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं : “इथला.”

न्यूअर्कच्या संघाची मालकीण एफा मॅनली. तिनं क्लीव्हलंडचा मालक बिल व्हेक याच्याशी घासाघीस करून डोबीसाठी पैसे घेतले. कॅन्सस सिटी मोनार्क्सला रॉबिन्सनच्या बदल्यात ब्रुकलिनकडून एक पैसाही मिळाला नव्हता. चांगले गडी एकेक करून निघाले, प्रेक्षक त्यांच्या मागे गेले, आणि न्यूअर्क ईगल्स हा संघ १९४८नंतर त्या गावात राहिलाच नाही. दार उघडलं याचा आनंद आहेच. पण मागे राहिलेलं घर रिकामं झालं, हेही त्याच हंगामाच्या हिशेबात धरायला हवं.

ब्रुकलिननं १९४७चा हंगाम ९४ विजय आणि ६० पराभव असा संपवला, सेंट लुईस कार्डिनल्सच्या पाच सामने पुढे. आम्ही एकूण ४१ सामने खेळलो आणि त्यातले २२ जिंकलो. वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढत, यँकीजशी, सात सामन्यांची, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रोज एक. बाबांनी यँकीज घेतले, मी ब्रुकलिन. चौथा सामना ते ६-१ असे जिंकले आणि मग मी त्यांना खरा चौथा सामना वाचून दाखवला. ३ ऑक्टोबर १९४७. यँकीजचा बिल बेव्हन्स. नवव्या डावात दोन गडी बाद होईपर्यंत त्यानं एकही हिट दिली नव्हती, मात्र दहा जणांना फुकट पहिल्या बेसवर धाडलं होतं. शेवटचा गडी उरला आणि स्टँकीच्या जागी आलेल्या कुकी लॅव्हॅजेटोनं चेंडू उजव्या भिंतीवर मारला. बेसवरचे दोघे घरी आले. ब्रुकलिन ३-२.

बाबा खुर्चीतून उठलेच. “एक हिट? सबंध सामन्यात एक हिट देऊन हरला?” मग चष्मा काढून पुसला. “ते बुक मला लिहायला मिळायला हवं होतं गं.”

खरी सिरीज यँकीजनं ४-३ अशी घेतली, आमचीही बाबांनी ४-२ अशी घेतली. रॉबिन्सननं खऱ्या सिरीजमध्ये ७ हिट मारल्या, आमच्यात ९.

घ्यावा का? बेसबॉल ठाऊक नसेल तरी चालेल. क्रिकेटचा धावफलक ज्याला वाचता येतो त्याला आठवड्यात हे जमतं. घरात वयस्कर माणूस असेल, आकड्यांची आवड असेल, तर जरूर घ्या, आणि भिंग आधी आणून ठेवा. कार्डांना प्लॅस्टिकची पाकिटं घाला. कमी खेळलेल्यांचं पाकीट पेटीबरोबरच मागवा, १९४७साठी ते ऐच्छिक नाही. चुकीच्या पत्त्यामुळे माझं पाकीट तीन आठवडे फिरत राहिलं, तेव्हा मागवताना पत्ता दोनदा तपासा. आणि एक जाड वही घ्या, तळाला जागा सोडून रेघा मारा. लहान मुलांबरोबर खेळणार असाल तर प्रत्येक सामन्याआधी त्या तारखेला खरं काय झालं ते पाच मिनिटं वाचून दाखवा. ते पेटीत मिळणार नाही, तुम्हालाच करावं लागेल. पाच ताऱ्यांतले चार देते. पाचवा त्या चार पानांसाठी राखून ठेवलाय, जी पुस्तिकेत नाहीत.

बाबा ऑक्टोबरात परत येताहेत. १९४८चा संच मागवलाय, तो कालच आला. त्या वर्षी क्लीव्हलंडनं डोबीला मध्यभागी मैदानात उभं केलं आणि रोज खेळवलं. १२१ सामने, ०.३०१, १४ होमरन. वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात त्यानं होमरन मारला आणि क्लीव्हलंड २-१ असं जिंकलं. समोर पिचर होता जॉनी सेन, पंधरा एप्रिलचा. मी फोनवर बाबांना विचारलं, कार्डाचा फोटो पाठवू का. म्हणाले, नको, पेटी फोडू नकोस, मी येतो. ती कपाटात तशीच ठेवलीय, वर त्यांची वही.